मानाचा पत्ता

राजाजीनगरच्या ‘कावेरी ड्रॉइंग्ज’मध्ये कॉम्प्युटर चौदा होते आणि चौदाही मानाप्रमाणे बसलेले होते. मालक व्यंकोजीराव, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, यांच्या मशीनचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता एकावर संपायचा, त्यांच्या मुलाचा, गिरीराजचा, दोनावर, हेड ड्राफ्ट्समनचा तीनावर आणि असंच खाली खाली. इंटरनेटची लाइन आली तेव्हा कंपनीला तीस पत्ते मिळाले होते. ते अण्णांनी वही घेऊन जातीनं वाटले, लग्नातल्या आहेराची यादी करावी तसे. प्रत्येक मॉनिटरवर नंबराची चिठ्ठी होती, आणि अण्णांच्या चिठ्ठीला दसऱ्याला कुंकूसुद्धा लागलं होतं.

आसावरी ही गिरीराजची बायको, माहेर पुण्याचं. दोन वर्षं ती या ऑफिसात नकाशे तपासत होती. परदेशातून यंत्रांचे जुने कागदी नकाशे यायचे, इथली माणसं ते कॉम्प्युटरवर उतरवायची आणि आसावरी त्यातल्या चुका लाल पेन्सिलीनं दाखवायची. या कामाला ती मनापासून विटली होती. तिचा जीव मशीनमध्ये रमायचा.

अठ्ठ्याण्णव साली कंपनीनं इंटरनेटवर स्वतःचं नाव घेतलं. नुसतं नाव घेऊन भागत नाही. ते नाव विचारणाऱ्याला पत्ता सांगणारं एक मशीन लागतं, त्याला डीएनएस सर्व्हर म्हणतात. हे काम हयवदन राव नावाच्या कंत्राटदाराला द्यायचं जवळपास ठरलं होतं. आसावरीनं ते मागून घेतलं.

“कर की,” अण्णा म्हणाले. तीनशे वर्षं बेंगळूरच्या बाजूला मुरलेल्या घराण्यातली ती मराठी होती. “सोमवारी दुपारपर्यंत आपल्या नावावर बाहेरनं एक मेल येऊ दे. आली की मशीनचं काम तुझं. नाही आली तर हयवदनला बोलावतो, आणि तू आपलं नकाशाचं टेबल बघ. सरी?”

“सरी, ठीक आहे,” आसावरी म्हणाली.

सर्व्हरचं मशीन नवं, म्हणून त्याला सगळ्यांनंतरचा पत्ता मिळाला, पंधरा. त्याला दोन गोष्टी सांगायच्या होत्या: कुठल्या पत्त्यावर बसायचं आणि कुठल्या पोर्टवर कान द्यायचा. पोस्टात जशा खिडक्या तशी मशीनला पोर्टं असतात, आणि नाव विचारायची खिडकी जगभर एकच, त्रेपन्न नंबरची. आसावरीनं पहिल्या दिवशी गडबडीत त्याला स्वतःपुरतंच ऐकायला सांगून ठेवलं. मग बिचारं आपलंच आपल्याला उत्तर देत बसलं. ती चूक तासाभरात सापडली. पत्ता पंधरा, पोर्ट त्रेपन्न. ऑफिसातल्या कुठल्याही मशीननं विचारलं की झटकन उत्तर यायला लागलं.

बाहेरून मात्र शुकशुकाट होता. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. त्रेपन्नचे पस्तीस झाले नाहीत ना, हे तिनं वीसदा पाहिलं. बाहेरची वाट अडवणारा राऊटर तपासला, तिथंही त्रेपन्न उघडं होतं. जेवताना ती पोर्ट पुटपुटायला लागली तेव्हा गिरीराजनं तिचं ताट आपल्याकडे सरकवून घेतलं आणि त्यातली पोळीही खाऊन टाकली.

शनिवारी दुपारी तिनं शाल्मलीला फोन केला आणि बाहेरून काय दिसतं ते बघायला सांगितलं. ही तिची कॉलेजातली मैत्रीण, आता व्हाइटफील्डला नोकरीला होती.

“तुमचा सर्व्हर कुठे आहे ते मी, जिथं नावं नोंदवतात त्या वरच्या लोकांना विचारलं,” शाल्मली म्हणाली. “पत्ता एकावर संपतो म्हणतात.”

“एकावर नाही गं, पंधरावर.”

“माझ्यासमोर स्क्रीनवर एक आहे. तुमचा फॉर्म काढून बघ.”

आसावरीनं फाइल काढली. नाव नोंदवायचा फॉर्म अण्णांनी भरला होता, सुवाच्य, मोठ्या अक्षरांत. ‘सर्व्हरचा पत्ता’ या रकान्यात त्यांनी आपला पत्ता लिहिला होता. आणि का लिहू नये? या घरात लग्नाच्या पत्रिकेपासून गॅसच्या कार्डापर्यंत बाहेरचं सगळं थोरल्याच्या नावानंच यायचं. पत्ता विचारला की तो घरातल्या मोठ्याचाच द्यायचा, ही त्यांची रीत होती. म्हणून फॉर्म गेल्यापासून तीन आठवडे सगळं जग अण्णांच्या मशीनची त्रेपन्न नंबरची खिडकी ठोठावत होतं, आणि आत अण्णा शांतपणे सॉलिटेअर खेळत होते. आसावरीला हसू आवरेना.

मग ते आपोआप ओसरलं. फॉर्मची दुरुस्ती परदेशातून होऊन यायला आठवडा लागणार होता आणि सोमवार परवावर आला होता. एकच उपाय होता: एक नंबर सर्व्हरला द्यायचा.

“उद्या रविवार आहे,” गिरीराज हळूच म्हणाला. “किल्ली माझ्याकडे आहे. गुपचूप बदलून टाक. चिठ्ठी राहू दे तशीच, आतला पत्ता अण्णा कशाला बघतात?”

आसावरीला मोह झाला, खोटं कशाला सांगायचं. मेल आली असती, काम मिळालं असतं आणि सासऱ्यांची चूक त्यांच्या तोंडावर सांगायची वेळ टळली असती. पण उद्या काही बिघडलं, तर एकावर कोण बसलंय हे अण्णांपासून लपवत ती हे काम किती दिवस करणार होती? तिला काम हवं होतं, चोरून केलेलं नको होतं. फॉर्म घेऊन ती अण्णांच्या टेबलापाशी गेली आणि सगळं सांगितलं.

अण्णांनी फॉर्म लांब धरून वाचला.

“हे अक्षर माझं.”

“हो, अण्णा.”

“म्हणजे चूक माझी.”

“तिथं कुठल्या मशीनचा पत्ता द्यायचा, ते मी आधी विचारायला हवं होतं.”

“ते राहू दे.” अण्णांनी फॉर्म टेबलावर ठेवला. “तुझं ते मशीन दिवसभर करतं काय?”

“जो विचारेल त्याला उत्तर देतं. चोवीस तास.”

“ओळखपाळख नसली तरी?”

“तरीही.”

“मग ते मला कसं जमायचं?” अण्णा म्हणाले. “मी अकराच्या आधी घरच्यांनाही उत्तर देत नाही.” आणि नखानं खरवडून त्यांनी आपल्या मॉनिटरवरची चिठ्ठी स्वतः काढली. “मला पंधरा दे. चिठ्ठी स्वल्प, जरा नीट चिकटव.”

हेड ड्राफ्ट्समन मान वळवून बघतच राहिले. अण्णांचं मशीन पंधरावर गेलं. आसावरीनं सर्व्हरच्या फायलीत पत्ता एक केला, पोर्ट त्रेपन्नच ठेवलं आणि सर्व्हर पुन्हा चालू केला. शाल्मलीला फोन करून कंपनीच्या नावावर मेल पाठवायला सांगितलं आणि मेलच्या मशीनसमोर ती उभीच राहिली. दहा मिनिटांनी मेल आली. त्यात एवढंच होतं: ‘पोचली का?’ अण्णांनी चष्मा चढवून ती दोनदा वाचली आणि सगळ्यांसाठी कॉफी मागवली.

सोमवारी दुपारी हयवदन रावांचाच फोन आला, कामाचं काय ठरलं म्हणून. अण्णा त्यांच्याशी कन्नडमध्ये अघळपघळ बोलले, हवापाणी झालं, मुलांची चौकशी झाली.

“ते काम आमच्या आसावरीकडे आहे,” शेवटी ते म्हणाले. “मला नका विचारू. माझं मशीन कुठल्या नंबरावर बसवायचं, तेही तीच ठरवते.”

त्यांनी रिसीव्हर आसावरीच्या हातात दिला. पलीकडून हयवदन राव विचारत होते, तुमच्याकडे सिस्टीम कोण बघतं, डायरीत नाव लिहून ठेवतो. आसावरीनं आपलं नाव सांगितलं.