उजवा हात देवाचा

गुरुवारी पाचोडवरून येणारी प्रत्येक काळी-पिवळी गच्च भरून यायची. टपावर बापे, आत बायका. आणि आतल्या निम्म्या बायका पोट धरून बसलेल्या. गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडपुढं गाडी रिकामी व्हायची आणि तिथूनच रांग सुरू व्हायची. रांगेच्या शेवटी सोनाजी महाराज.

सोनाजी महाराज बायकांच्या पोटातली करणी हातानं काढायचे. करणी म्हणजे कुणीतरी जळफळून घातलेली गाठ: केसांचा पुंजका, काळा दोरा, नशीब चांगलं असलं तर एखादी टाचणीही. चिरा नाही, टाका नाही, भूल नाही. मूल होत नाही, फार होतात, मुलीच होतात, अंगावरून जातं, जात नाही, ओटीपोट दुखतं. सगळ्याला एकच कारण आणि एकच इलाज. वैद्यकशास्त्राला इतका सुटसुटीतपणा अजून जमलेला नाही. महाराज होण्याआधी ते एका क्लबात पत्ते वाटायचे. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कौतुकही होतं, की बघा, माणूस कुठून कुठं पोचला.

बाई चटईवर निजायची. पोटावर ओलं फडकं. महाराज उजवा हात वर करायचे आणि म्हणायचे, "बायांनो, उजवा हात देवाचा, डावा हात मातीचा. नजर उजव्यावर ठेवा. जिची नजर डाव्यावर जाईल, तिच्याच पोटात ही करणी जाऊन बसंल. मंग मला बोल लावायचा न्हाई."

एवढं ऐकल्यावर डाव्या हाताकडं कोण बघतंय? शंभर डोळ्यांसमोर तो हात खुशाल हिंडायचा, दुपारच्या निजलेल्या घरात बोका हिंडावा तसा. उजवा हात हवेत थरथरायचा, फडक्याखाली शिरायचा आणि काळी गाठ घेऊन बाहेर यायचा. हलगी कडाडायची. बायका हात जोडायच्या. यात सगळ्यात पुढं चतुराबाई.

चतुराबाई म्हणजे महाराजांची चालतीबोलती जाहिरात. भावकीतल्या किती जणींना तिनं हाताला धरून इथं आणलं होतं. त्यामुळं थोरली सून सुगंधा, पुंजारामची बायको, दोन महिने पाळी चुकल्याच्या आनंदात असताना अचानक एका कुशीवर वाकली आणि अंगावर थोडं थोडं दिसायला लागलं, तेव्हा कुठं न्यायचं हा प्रश्नच आला नाही.

त्या दिवशी शेडमध्ये कॅमेरा होता. शहरातल्या एका संस्थेच्या उज्ज्वला डॉक्टर बायकांच्या दुखण्यांवर छोट्या फिल्मा बनवायच्या आणि गावोगाव दाखवून लोकांना बोलतं करायच्या. भाषण द्यायचं नाही, फक्त दाखवायचं आणि विचारायचं, असा त्यांचा रिवाज. बायका दुखणं घेऊन कुठं कुठं जातात, ते टिपून आणायला त्यांनी काकासाहेबांना जीप देऊन पाठवलं होतं. काकासाहेब एरवी लग्नांचं शूटिंग करायचे. महाराजांनी आनंदानं परवानगी दिली, नवं धोतर नेसले आणि कोणत्या बाजूनं चेहरा चांगला येतो तेही विचारून घेतलं.

सुगंधाच्या पोटातून करणी निघाली. आणि खरोखर तिची कळ थांबली. सकाळपासून पिळवटलेला चेहरा सैल पडला, तिनं घाम पुसला, सासूकडं बघून हसली. म्हणाली, "आत्या, हलकं वाटायलंय."

काकासाहेबांनी ते हसू अगदी जवळून घेतलं, पाठोपाठ तिनं खांद्याला हात लावला तेही. असं हसू लग्नात नवरीच्या तोंडावरसुद्धा मिळत नाही, म्हणाले. सामान बांधलं आणि जीप घेऊन गेले.

करणी दिवस मावळायच्या आत वाहत्या पाण्यात सोडायची असते. पुंजाराम ती रुमालात बांधून पैठणला गेला, घरातल्या एकुलत्या मोटारसायकलवर. तो गेला आणि सुगंधा खांदा चोळायला लागली. मग पांढरी पडली. उंबऱ्याला टेकून बसली आणि म्हणाली, दवाखान्यात न्या. चतुराबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. पथ्य होतं तसं. करणी काढलेल्या दिवशी दवाखान्याचं नाव काढायचं नाही. पुंजाराम गोदावरीला हात जोडून परत आला, तोवर सुगंधा गेली होती.

महाराज दहाव्याला आले. चतुराबाईनं रडत रडत सगळं सांगितलं. महाराजांनी डोळे मिटले, उघडले, आणि निकाल दिला: तिनं तोंडानं पथ्य मोडलं, करणी उलटली. झालं. ज्या पोरीनं मरताना एकच शहाणपणाची गोष्ट सांगितली, ती त्या गोष्टीपायी गुन्हेगार ठरली. चतुराबाईनंच ते गावभर सांगितलं. सुगंधाची आई लेकीचे कपडे न्यायला आली, तर तिला दारातूनच परत लावलं. सुगंधाच्या लहानग्या छबूला शेजारच्या बाया लेकरांत खेळू देईनात.

वर्ष सरलं. आता धाकटी सून कांता ओटीपोट धरून बसायला लागली होती. अंगात कसर, अंगावरून जाणं. महाराज म्हणाले, उलटलेली करणी घर सोडत नाही, थोरलीची जागा रिकामी बघून धाकटीत शिरली. येत्या गुरुवारी आणा. चतुराबाईनं नारळ आणून ठेवला. कांता काही बोलली नाही. या घरात बोलल्याचं काय होतं ते तिनं पाहिलं होतं.

त्याच आठवड्यात उज्ज्वला डॉक्टर काकासाहेबांसह फिल्म घेऊन आल्या. पुंजारामला आधी विचारून गेल्या होत्या. महाराजांचा महिमा दिसतोय म्हटल्यावर तो हो म्हणाला. दिवेलागणीला शाळेच्या पटांगणात गाव जमलं. महाराजांना पुढं खुर्ची, गळ्यात हार, मांडीवर नारळ. तेवढ्यात पेच पडला. विषय बायकांच्या पोटाचा, मग बायका-बापे एकत्र कसे बसणार? सरपंच आप्पासाहेबांनी तोडगा काढला: पडदा मधोमध टांगा. बापे पुढं, बायका मागं.

दगडाबाई गावातली सगळ्यात म्हातारी. तिला यात काही नवल वाटलं नाही. तंबूतल्या सिनेमाला आम्ही जल्मभर पडद्याच्या मागंच बसलो, म्हणाली, आणि मागून नीट दिसावं म्हणून पडदा म्हणून टांगलेलं धोतर ओलं करायला लावलं.

फिल्म सुरू झाली. शेड, रांग, हलगी. पुढून बाप्यांच्या शिट्ट्या आल्या. मग चटईवर सुगंधा दिसली.

चतुराबाई गुडघ्यांवर उठून बघायला लागली. पोर हलत होती. डोळ्यांची उघडझाप करत होती. तीच जांभळी साडी, जी नंतर चतुराबाईनं स्वतः तिच्यासोबत सरणावर ठेवली होती. मग तिचं लक्ष नाकाकडं गेलं. सुगंधाची मुरणी डाव्या नाकपुडीत असायची. इथं ती उजव्या नाकपुडीत होती.

"माय, मेल्यावर माणूस उलटं होतंय का?" तिनं दगडाबाईला हळूच विचारलं.

"मेल्यावर कशाचं. मागून समदं उलटंच दिसतंय," दगडाबाई म्हणाली. "आमचे तंबूतले हिरो समदे डावखुरे व्हते. डाव्या हातानं जेवायचे, डाव्या हातानं मारायचे. हिरोईन तरी भाळायची."

आजूबाजूच्या बायका हसल्या. पडद्यावर महाराज चटईशी बसले आणि हात जोडून बसलेल्या सगळ्या बायकांची नजर वर्षानुवर्षांच्या धाकानं उजव्या हाताकडं गेली. म्हणजे ज्या बाजूला उजवा असतो त्या बाजूच्या हाताकडं. म्हणजे, पडद्यामागून, डाव्या हाताकडं.

तो डावा हात कनवटीला गेला. दोन बोटांनी तिथून काळं काहीतरी काढलं. फडकं सारखं केल्यासारखं करून ते खाली सरकवलं आणि हात शहाण्यासारखा मांडीवर येऊन बसला. तोवर दुसऱ्या हाताचं थरथरणं संपलं होतं. तो फडक्याखाली गेला आणि गाठ घेऊन वर आला. पुढं बाप्यांनी टाळ्या वाजवल्या. मागं एकही बांगडी वाजली नाही.

चतुराबाईनं आधी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. डाव्याकडं बघितलं होतं. करणी आता आपल्यात येणार. थोडा वेळ ती तशीच बसली. काही आलं नाही. मग ती उठली आणि पडद्याला वळसा घालून पुढं गेली. त्या उजेडात बाईमाणूस उभं राहिलेलं पाहून बापे गप्प झाले.

"फिलीम थांबवा," ती म्हणाली. "आप्पासाहेब, समद्या बाप्यांना घेऊन मागं या. आमच्या बाजूनं बघा."

महाराज नारळ सावरत उठले. पडद्याची मागली बाजू अशुभ असते, कॅमेऱ्यात मायेचा खेळ असतो, बाईची नजर आधीच दुबळी, असं त्यांनी एका दमात सांगितलं. आप्पासाहेब जाग्यावरून हलेनात. बायकांच्या जागेत जाऊन बसायचं म्हणजे अवघडच. मग पहिल्यांदा पुंजाराम उठला. त्याच्या मागून एकेक करून गाव उठलं आणि बायकांनी सरकून बाप्यांना जागा करून दिली. गावाच्या इतिहासात असं आधी कधी झालं नव्हतं.

काकासाहेबांनी तेवढाच भाग पुन्हा लावला. कनवट, दोन बोटं, फडकं. मग पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावायच्या आत पुढून फटफटी सुरू झाल्याचा आवाज आला. खुर्चीवर नारळ राहिला होता. आप्पासाहेब तावातावानं चौकीत फोन लावायला निघाले. यांच्याच घरच्या नारळावर महाराजांच्या शेडचं उद्घाटन झालं होतं.

खरं तर गोष्ट इथं संपायला हवी. भोंदू पळाला, गाव शहाणं झालं. पण चतुराबाई उज्ज्वला डॉक्टरांपुढं जाऊन उभी राहिली. हाताचं मला उमगलं, ती म्हणाली. पण कळ थांबली होती. पोर हसली होती. ती काय खोटं हसली?

डॉक्टरांनी तिला हाताला धरून खाली बसवलं. मग स्वतः तिच्याशेजारी बसल्या आणि सांगायला लागल्या. गर्भ पिशवीत रुजायचा असतो. सुगंधाचा बहुतेक पिशवीत जाणाऱ्या नळीत रुजला होता. बोटाएवढी नळी, गर्भ वाढत गेला, ती ताणत गेली; म्हणून ती कळ. मग नळी फुटली.

"फुटली की ताण जातो," डॉक्टर म्हणाल्या. "थोडा वेळ कळ थांबते. बाईला हलकं वाटतं."

चतुराबाईनं पडद्याकडं पाहिलं. तिथं सुगंधा हसत थांबली होती.

नंतर आतल्या आत रक्त साचतं, डॉक्टर सांगत होत्या. म्हणून खांदा दुखतो. मी ही फिल्म पुष्कळ दिवसांनी पाहिली, त्या म्हणाल्या. ते हसू पाहिलं, नंतर ती खांद्याला हात लावते तेही पाहिलं, आणि चौकशीला माणूस पाठवला. तोवर फार उशीर झाला होता.

"मंग तिनं पथ्य न्हाई मोडलं?"

"नाही. ती बरोबर बोलत होती. घरात ती एकटीच बरोबर बोलत होती."

"तव्हा घाटीच्या दवाखान्यात नेलं असतं, तर?"

"वाचली असती. बहुतेक वाचली असती."

"गाडी न्हवती," चतुराबाई म्हणाली. "मोटारसायकल करणी बुडवायला गेलती." मग तिला आठवलं. "तुमची जीप व्हती, नाय का?"

काकासाहेब प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होते. त्यांचे हात थांबले. सुशिक्षितांकडं बऱ्याच प्रश्नांची उत्तरं असतात, हा प्रश्न त्यातला नव्हता.

त्याच जीपनं कांताला शहरात नेलं. संसर्ग निघाला. नवरा-बायको दोघांना गोळ्या दिल्या; नवऱ्यालाही, यावर गावात महाराजांच्या पळण्याहून जास्त चर्चा झाली. ती बरी झाली. त्यात चमत्कार काही नव्हता, त्यामुळं ते पाहायला गर्दीही जमली नाही. चतुराबाई छबूला घेऊन सुगंधाच्या माहेरी गेली. विहीणबाईनं दार उघडलं, छबूला आत घेतलं. चतुराबाईला 'या' म्हटलं नाही. ती ओट्यावर बसून राहिली, उन्हं उतरेस्तोवर, आणि तिथूनच सांगितलं की तुमच्या लेकीनं काही मोडलं नव्हतं.

आता ती फिल्मबरोबर फिरते. अजिंठ्याकडं, पडेगावला, जिथं बोलावतील तिथं. पुढं बसा का मागं, ती बायकांना म्हणते, पण दोन्ही हातांकडं बघा. पोलिसांनी पकडलेल्या महाराजांना सुटून आल्यावर दुसऱ्या तालुक्यात नवी शेड मिळाल्याचं कळतं, तेव्हा ती तिकडंही जाते. भोंदू संपत नाहीत. बाई दुखतंय म्हणते तेव्हा तिचं ऐकायचं सोडून आपण दुसऱ्याच कुणाचं ऐकतो, तोवर त्यांना शेड मिळतच राहणार.

प्रत्येक गावात सुगंधा पुन्हा जिवंत होते. घाम पुसते, सासूकडं बघून हसते. तिथं चतुराबाई हात वर करते आणि काकासाहेब फिल्म थांबवतात. ती उठून पडद्याजवळ जाते, सुनेच्या गालाच्या उंचीवर ओल्या कापडाला हात लावते.

"इथं," ती लोकांना सांगते. "इथं अजून येळ व्हता."