पोटात द्यायचं तेल

अंगणवाडीतला लटकता काटा सहा किलो चारशेवर थांबला. अंगणवाडीसेविका आनंदाबाईनं काच पुसून पुन्हा पाहिलं. "मागच्या बुधवारी सहा किलो सहाशे होती वो."

रत्नमालानं झोळीतल्या लेकीला उचलून घेतलं. नागपूरच्या डॉक्टरनं बजावलं होतं, सात किलो भरल्याशिवाय पित्ताच्या नळीचं ऑपरेशन नाही. तारखेला दहा दिवस उरले होते आणि तिची चौदा महिन्यांची खुशबू वाढायची सोडून झिजत चालली होती. डोळे पिवळे, हातापायाच्या काड्या. खायला मात्र कधी नाही म्हणायची नाही. वाटीभर खिचडी संपवून वाटी चाटायची, घटकाभरात पुन्हा भुकेनं रडायची.

"खाऊ घालून राहिली ना बरोबर?"

"घासागणिक जवसाचं तेल, वरून तूप. सासू सोताच्या हातानं घालते."

"आन चिठ्ठीतलं खोबरेल?"

"तीनदा. अंगभर चोळतो, टाळूवरबी जिरवतो."

आनंदाबाई तिच्याकडे बघतच राहिली. "अंगाले? पोटात नाही?"

यात हसण्यासारखं काही नाही. रत्नमालाच्या गावात, आंबागडात, खोबरेल कोणी खात नाही. ते केसांचं, मालिशीचं. डॉक्टरनं ‘खोबरेल तेल, दिवसातून तीनदा’ एवढं खरडलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. पोटात द्या, हे दोन शब्द त्याला जड झाले. लेकरू गेलं असतं तर अडाणी आईच ठरली असती.

चिठ्ठीवरच्या नंबरावर आनंदाबाईनं फोन लावला. दवाखान्यातली आहाराची बाई सावकाश बोलली. तेलातुपात स्निग्ध कणांच्या साखळ्या असतात. जवसाच्या, तुपाच्या बहुतेक साखळ्या लांब. त्या पचायला पित्त लागतं. पोरीच्या आतड्यात पित्त उतरतच नाही, म्हणून खाल्लेलं तेल तसंच बाहेर पडतं आणि भूक मागे राहते. खोबरेलात आखूड साखळ्या बऱ्याच. त्या पित्तावाचून रक्तात शिरतात. पण केसांचं सुवासिक तेल देऊ नका, खायचंच हवं.

तुमसरच्या बाजारात चार दुकानं झाली. "खायचं खोबरेल? केरळात दिली का वो बाई तुम्हाले?" एक दुकानदार म्हणाला. रत्नमालानं नारळ घेतले, घरी येऊन किसले, दूध पिळून तेल सुटेपर्यंत चुलीवर आटवत बसली.

"केसाचं तेल पोरीले पाजतं?" सासू लीलाबाई कडाडली. "जवसावर सहा लेकरं वाढवली मी."

"त्याहिले पित्त होतं, आत्या."

लीलाबाई चुलीपाशी आली. मग तिनंच कढईतलं तेल चमच्यात घेऊन निववलं आणि पिऊन टाकलं. "सांजेपर्यंत मले काही झालं नाही तं दे."

तिला काही झालं नाही.

चौथ्या दिवशी खुशबूनं अर्धी वाटी भात हातानं बाजूला सारला. पोरीनं अन्न टाकलं? रत्नमालानं कपाळ चाचपलं, पोट दाबून पाहिलं. ताप नव्हता. पोरगी आजीच्या पदराशी खेळत होती. लीलाबाईच हळूच म्हणाली, "अवं, पोट भरलं तिचं." पोट भरलेली पोर रत्नमालानं कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. तरी त्या रात्री ती पोरीचं कपाळ बघायला चारदा उठली.

तारखेला नागपूरच्या काट्यावर सहा किलो साडेसहाशे भरलं. डॉक्टरनं आकडा पाहून चिठ्ठी ओढली. "कमीच आहे. महिन्यानं या. तेल चालू ठेवा." आणि दाराकडे बघून म्हणाला, "नेक्स्ट."

"किती चमचे?" रत्नमालानं विचारलं.

"बाहेर सिस्टर सांगतील."

"मागच्या वेळी कोणी नाही सांगितलं. अंगाले चोळत होतो आम्ही. दोनशे ग्रॅम घटली माझी पोरगी."

दारात पुढचा माणूस येऊन उभा राहिला. रत्नमालानं खुशबूला मांडीवर नीट घेतलं आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"किती, कशात, कवा, आन घटली तं काय करू. सगळं लिवून द्या. मी बसतो."

डॉक्टरनं घड्याळ पाहिलं. मग पेनाचं टोपण काढलं.