आपसूक

कारभारीची बायको मनकर्णा खडीच्या खाणीत मेली, त्याला नऊ दिवस झाले होते. मच्छिंद्र मुकादम कागद आणि शाईची गादी घेऊन कारभारीच्या दारात आला.

"अंगठा दे. उद्यापासनं कामावर ये."

"काय लिवलंय?"

"इंग्रजी हाय. ॲक्सिडेंट झाला म्हून लिवलंय."

कारभारीनं हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. तो कागद घेऊन शेजारच्या नबीलाल मास्तरांच्या ओट्यावर गेला. मास्तर पाथर्डीच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. मुकादमही मागोमाग आला.

मास्तरांनी जाड कोश उघडला. "अपघात. मूळ शब्द लॅटिन. अंगावर येऊन पडणं, असा त्याचा अर्थ. कुणी न करता, आपसूक घडलं ते."

"आपसूक? दगडाला पाय फुटले हुते का, मास्तर?"

सुरुंगाला बत्ती देण्याआधी टांगलेला रूळ तीनदा ठोकायचा, ही खाणीची रीत. ठोका ऐकला की बायका टोपल्या टाकून टेकाडामागं पळायच्या. ते काम कारभारीचं. त्या दिवशी ठेकेदाराचे पाहुणे यायचे होते, म्हणून मुकादमानं त्याला तंबू उभारायला धाडलं. "रूळ कोन वाजवील?" असं त्यानं विचारलंही होतं. "मी बघतो," मुकादम म्हणाला होता. तंबूचा दोर ताणताना कारभारीला धमाका ऐकू आला. त्याआधी ठोका ऐकू आला नव्हता.

"लढाईचे दिस हायेत," मुकादम म्हणाला. "ह्या खडीचा रस्ता येळंत व्हायला पायजे. मानसं मरत्यात, कारभारी."

"मेली न्हाई ती. तू मारली. झाडावरनं चिंच पडती आपसूक. सुरुंगाला बत्ती मानूस लावतो."

"सायबानं ह्योच शब्द घातलाय."

"सायब हुता का तितं? मास्तर, तुमी लिवा. मराठीत."

मास्तरांनी मुकादमाकडं एकदा पाहिलं आणि दौत पुढं ओढली. कारभारी सांगत गेला. मला तंबूवर धाडलं. रूळ वाजवला नाही. मच्छिंद्र मुकादमानं बत्ती लावायला सांगितली. माझी बायको मनकर्णा डोक्यावर टोपली घेऊन उभी होती, ती मेली.

"खाणीवर परत घेणार नाहीत तुला," मास्तर हळूच म्हणाले.

"त्या खानीत जाऊन मी काय करू?"

मुकादमानं शाईची गादी उचलून काखेत मारली. कारभारीनं अंगठा दौतीत बुडवला आणि मराठी कागदावर दाबला. इंग्रजी कागद तसाच मुकादमाच्या हातात दिला.

"कुनाला दावनार ह्ये?" मुकादमानं विचारलं.

"नगरला, कलेक्टर कचेरीत."

"तितं कोन वाचतंय तुजं मराठी?"

"वाचंस्तवर उभा ऱ्हाईन," कारभारी म्हणाला, आणि पायात वहाणा घातल्या.