बंद न पडलेले घड्याळ

मित्रांनो, मी बुद्धिबळाच्या पटाशेजारी ठेवायचे एक जुने घड्याळ आहे. मला दोन तबकड्या आहेत. खेळाडूने चाल करून माझी कळ दाबली की त्याची तबकडी थांबते आणि समोरच्याची चालू होते. वेळ संपली की तबकडीवरचे इवलेसे लाल निशाण पडते आणि तो खेळाडू हरतो. गावातल्या बुद्धिबळ मंडळाच्या खोलीत मी चोवीस वर्षे टिकटिकलो. माझी वेळ कधी चुकली नाही, असे पंच गुरुजी कौतुकाने सांगत.

दरवर्षी अंतिम सामन्याला शिवणकाम करणाऱ्या ताई आणि पोस्टमनकाका समोरासमोर बसत. ताई ओळीने पाच वर्षे हरल्या होत्या. सहाव्या वर्षी काका आलेच नाहीत. त्यांची तबकडी एकटीच चालत राहिली. ताई रिकाम्या खुर्चीकडे बघत होत्या. खिडकीतले ऊन पटावरून हळूहळू सरकत होते. अखेर निशाण पडले आणि गुरुजींनी कप ताईंपुढे ठेवला.

तेवढ्यात निरोप आला. काका सायकलवरून पडले होते, पाय मोडून दवाखान्यात होते.

"असा आयता कप मला नको," ताई म्हणाल्या. "गुरुजी, पट आणि घड्याळ घेऊन जाऊ का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी काकांच्या खाटेवर पट मांडला, माझे काटे नव्याने लावले. काका खुलले. खेळ रंगला. पण औषधाची गुंगी होती; हातात घोडा धरूनच त्यांचा डोळा लागला. त्यांची तबकडी चालूच होती. काटा निशाणाला टेकून ते वर उचलू लागला; आता ते कोणत्याही क्षणी पडणार होते.

ताईंनी माझी कळ हलकेच मधोमध आणली, तशा दोन्ही तबकड्या थांबल्या. मित्रांनो, तेव्हा पटावर डाव असूनही मी कुणाचीच वेळ मोजत नव्हतो. पडदा हलत होता, काकांचा श्वास संथ चालला होता, आणि सारी खोली पाण्यावर तरंगत असल्यासारखी वाटत होती.

काका दचकून जागे झाले. "माझं निशाण पडलं का हो?"

"नाही भाऊ. घड्याळच बंद पडलं होतं. चाल तुमची."

एका प्याद्याच्या जोरावर ताई जिंकल्या. काकांनी राजा आडवा केला. "आता घरी न्या कप," ते म्हणाले.

पुढे काकांनी भोळेपणाने गुरुजींना सांगितले की, घड्याळ मध्येच बंद पडते. ताई काही बोलायला गेल्या आणि गप्प राहिल्या. मंडळाने नवे घड्याळ आणले. माझी रवानगी कपाटात झाली.

माझा राग नाही. पण एखादी वस्तू बिघडली असे कुणी म्हटले, तर अडगळीत टाकण्याआधी तिला एकदा चावी देऊन बघा. कदाचित कुणाची झोप मोडू नये, म्हणून ती घटकाभर थांबली असेल.