हमीची जागा

"निळ्या शाईनं कर हं बाबा. काळी चालत नाही म्हणतायत."

वेरीनाने चार पानं टेबलावर ठेवली आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर मिठाची बरणी ठेवली. वगदी शेगडीपाशी उभा होता. पातेल्यात गव्हाचा हुरडा रटरटत होता. ईस्टरच्या आधीचा हा ईयोबाचा बुधवार. मायदेशी त्याच्या आईकडे, अस्यूतला, आजच्या दिवशी हेच शिजायचं. म्हणून अमेरिकेतल्या बेयॉनच्या या दोन खोल्यांतही तो दर वर्षी शिजवायचा. पन्नास दिवसांच्या उपासाने त्याचा सदरा खांद्यांवर सैल झाला होता.

"आजच पाहिजे?"

"आजच. रात्री बाराला मुदत संपते. एक मे आहे बाबा, अख्ख्या अमेरिकेतली पोरं आज कुठल्या ना कुठल्या कॉलेजला हो म्हणतायत."

"मग तू म्हणालीस ना हो."

"म्हणाले की. पण ऑगस्टपर्यंत मी सतरा वर्षांची. माझ्या 'हो'ला कोण विचारतंय? तुझी सही लागते."

पलीकडच्या गावातल्या कॉलेजात चार वर्षं, आणि तिथून थेट मेडिकल. मधे प्रवेशाची मारामारी नाही. जागा आत्तापासूनच नावावर. सातशे मुलांतून बारा जणांना घेतलं होतं, त्यातली एक वेरीना. कॉलेज बसने पंचवीस मिनिटांवर, म्हणजे ती घरीच राहणार होती. दुसरं पत्र मिनेसोटाच्या विद्यापीठाचं होतं. फी दोन्हीकडे माफ झाली होती, तेव्हा तो प्रश्न नव्हता. पण तिथे हमी कशाचीच नव्हती.

"तिकडे तू शिकणार तरी काय?" त्याने मार्चमध्ये विचारलं होतं.

"पहिली दोन वर्षं ठरवायचंच नसतं, बाबा."

"म्हणजे काहीच पक्कं नाही?"

"काहीच नाही," ती म्हणाली होती, आणि तोंडात खडीसाखर असावी तसा तिचा चेहरा झाला होता. तो मात्र दचकला होता.

त्या दिवसांत तिच्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट कायम उघडी असायची. त्या विद्यापीठामागच्या तळ्यावर कुणीतरी कॅमेरा लावला होता. चौकटीत फक्त पांढरं दिसायचं.

"काय आहे त्यात?"

"बर्फ."

"मग बघतेस काय?"

"फुटतो कधी, ते."

वगदीने शेगडी मंद केली. "संध्याकाळी चर्चमध्ये करतो सही. अबूनांचा आशीर्वादाचा हात लागू दे कागदाला. माझा मेडिकलचा अर्जसुद्धा तुझ्या आजीनं वेदीखाली ठेवून घेतला होता."

"बरं. विसरू नकोस फक्त."

दप्तर खांद्याला लावून ती सवयीने त्याच्यापाशी आली, गाल पुढे केला, आणि तशीच थांबली. यहूदाने मुका घेऊन प्रभूला धरून दिलं, म्हणून या बुधवारच्या आदल्या रात्रीपासून ईस्टरपर्यंत त्यांच्यात कुणी कुणाचा मुका घेत नाही.

"लक्षातच राहिलं नाही," ती हसून म्हणाली. "रविवारी दोन घेईन."

दार लागलं. वगदीने एकट्याने हुरडा खाल्ला. अर्धा तिच्यासाठी झाकून ठेवला, पानांची नीट घडी करून डब्याच्या पिशवीत घातली आणि कामाला निघाला.

अस्यूतच्या मेडिकल कॉलेजातून तो डॉक्टर झाला होता, त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. लॉटरीच्या व्हिसावर तो आणि मादलेन इथे आली, तेव्हा त्याला वाटलं होतं, दोन परीक्षा दिल्या की झालं. परीक्षा दिल्याही. मग इथल्या रीतीप्रमाणे कुठल्या तरी हॉस्पिटलने त्याला शिकाऊ डॉक्टर म्हणून निवडायचं होतं. मार्चमधल्या एका शुक्रवारी त्याचा निकाल लागतो. असे पाच शुक्रवार त्याने पाहिले. सहाव्या वर्षी मादलेन म्हणाली, "आता पुरे कर, तू झोपत नाहीस." मग सहा आठवड्यांचा एक कोर्स करून तो रक्त काढायला लागला. मादलेनला जाऊन आता नऊ वर्षं झाली होती आणि तो अजून रक्तच काढत होता.

हॉस्पिटलमध्ये त्याला सगळे 'वॅग' म्हणत. पूर्ण नाव कुणाला घ्यायला जमत नसे.

"वॅग, चार नंबरला येता का जरा? मी दोनदा टोचलं, शीरच सापडत नाहीये," एक शिकाऊ डॉक्टरीण दारातून म्हणाली. वेरीनापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठी असेल.

चार नंबरच्या म्हातारीने हात छातीशी घट्ट धरला होता. "अजून एक आला. तुम्ही लोक रक्त पिता की काय?"

"फक्त उपास सुटल्यावर," वगदी म्हणाला. "रविवारपर्यंत तुम्हाला धोका नाही."

म्हातारी हसली, हात सैल पडला, आणि तेवढ्यात सुई आत गेलीसुद्धा. डॉक्टरीण बघत राहिली. "मला शिकवाल का हे?" तिने विचारलं. तो म्हणाला, "यात शिकवण्यासारखं काही नाही, डॉक्टर."

दुपारी डबा उघडला, तेवढ्यात अस्यूतहून सुरय्याचा फोन आला. सुरय्या त्याची थोरली बहीण.

"केलीस सही?"

"संध्याकाळी."

"संध्याकाळपर्यंत काय मुहूर्त बघतोयस? अरे, इथं सगळ्या गल्लीत मी सांगून बसलेय. मुलगी डॉक्टर, घरात राहणार, तुझ्या पानात वाढणार. एकट्या माणसाला आणखी काय पाहिजे?"

"करतो गं."

"ती काय म्हणते?"

"हो म्हणते."

"मग झालं तर. आमच्या वेळी कोण विचारत होतं."

फोन ठेवल्यावर त्याने पानं काढली. खाडाखोड राहू नये म्हणून कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची त्याची सवय. पहिल्या पानावर नाव, पत्ता, जन्मतारीख. दुसऱ्या पानावर एक प्रश्न होता: हा मार्ग तुम्ही का निवडला? खाली वेरीनाचं ठाशीव अक्षर.

'माझे वडील डॉक्टर आहेत, पण फक्त रविवारी. चर्चमध्ये सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. बाकीचे सहा दिवस ते दुसऱ्या डॉक्टरांसाठी रक्त काढतात. घरी आल्यावर ते याबद्दल काही बोलत नाहीत. आठ वर्षांनी आमच्या घरात सातही दिवस एक डॉक्टर असेल. मग त्यांना कुणाला काही सांगावं लागणार नाही.'

त्याने डब्याचं झाकण लावलं. पुढचं पान उलटलं. शिकताना हा पेशा आपला नाही असं वाटलं, तर काय कराल?

'हा प्रश्न आमच्या घरात येणार नाही.'

शेवटच्या पानावर सहीची रेघ होती. तिच्यापुढे वेरीनाने पेन्सिलीने बारीकशी फुली केली होती, त्याला शोधावं लागू नये म्हणून.

दुपारनंतर त्याने एकोणीस जणांचं रक्त काढलं. हात एकदाही चुकला नाही, आणि त्याचंच त्याला वाईट वाटत राहिलं.

त्याला गेला रविवार आठवत होता. झावळ्यांच्या रविवारी, प्रार्थना झाल्यावर, सगळ्या मंडळींची अंत्यप्रार्थना आधीच म्हणून ठेवतात. कारण ईस्टरआधीच्या या आठवड्यात कुणी गेलं तर त्याच्यासाठी वेगळी म्हणता येत नाही. त्या दोन प्रार्थनांच्या मधे अबूना सेरापियोन, त्यांचे पाद्री, त्याच्यापाशी आले होते. "काय डॉक्टर, आमच्या वेरीनाचं काय ठरलं?" आणि तो म्हणाला होता, "मेडिकल. जागा पक्की झाली." ती तेव्हा बायकांच्या बाजूला झावळीचा क्रूस विणत बसली होती. तिने अजून त्याला काहीच सांगितलं नव्हतं. अबूनांनी तिथेच सगळ्यांना सांगितलं. बायकांनी जिभा हलवून आनंदाचा लांब सूर काढला, तिला ओढून ओढून मुके घेतले. तिने गर्दीतून बापाकडे पाहिलं होतं. त्याला वाटलं, लाजतेय. सोमवारी सकाळी तिने सांगितलं, "बाबा, मी ती घराजवळचीच जागा घेते." लॅपटॉपमधली चौकट त्या दिवसापासून बंद होती.

संध्याकाळी चर्चला जायला दोघं गाडीत बसल्यावर त्याने किल्ली फिरवली नाही.

"वाचलं मी."

वेरीना समोर बघत राहिली. "तुला वाचायला नव्हतं दिलं. सही करायला दिलं होतं."

"खोटं लिहिलंयस असं नाही म्हणत मी."

"मग?"

"तिकडच्या अर्जात काय लिहिलं होतंस?"

"तिकडे विचारलं होतं, तुम्हाला काय माहीत नाही ते लिहा." ती थोडी थांबली. "मी चार पानं लिहिली. आणखी जागा नव्हती."

वगदी हसला. मग त्याने विचारलं, "जायचंय तुला?"

"त्याला आता काय अर्थ आहे?"

"मी अर्थ नाही विचारला, पोरी."

तिने सीटच्या पट्ट्याची कड बोटाने खरवडली.

"तू एकटा कसा राहशील? तुला साधं मोज्यांची जोडी लावता येत नाही."

"वेगवेगळे घालीन. बूट असतातच वरून."

"बाबा, मी थट्टा नाही करत."

"मीही नाही. ते माझं मी बघेन. तुझं सांग."

"आणि चर्चमध्ये? सगळ्यांनी मुके घेतलेत माझे. तांत फौजियानं तर स्टेथोस्कोप आणायचं कबूल केलंय. तुला तोंड दाखवायला जागा राहणार नाही तिथं. तेवढी एकच तर जागा आहे तुला."

हे ती अगदी हळू म्हणाली, पण त्याला ते दोनदा ऐकल्यासारखं वाटलं.

"जायचंय का?" त्याने पुन्हा विचारलं.

तिने मान हलवली. होकाराचीच, पण एखाद्या गुन्ह्याची कबुली द्यावी तशी.

चर्च आतून दुखवट्याच्या काळ्या कापडांनी झाकलं होतं. अबूना सेरापियोन दारातच भेटले. वगदीने पानं पुढे केली.

"सही कुठाय, डॉक्टर?"

"करत नाही, अबूना. रविवारी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ती काही बोलली नव्हती. मीच धरून चाललो."

अबूनांनी दाढीवरून हात फिरवला. "लोक हमीच्या जागेसाठी नवस बोलतात. तुम्ही असलेली सोडताय. ईस्टर होऊ दे, शांतपणे बोलू."

"मुदत आज आहे."

"बरं. मग लोकांना मी सांगतो, सावकाश, बेताबेतानं."

"नाही, मीच सांगेन. बोललो मी होतो." तो जरा घुटमळला. "आणि अबूना, मला नुसतं वगदी म्हणा यापुढे."

"वीस-बावीस वर्षांची सवय आहे आम्हाला."

"मलाही आहे."

एकच स्तोत्र बारा वेळा म्हणून प्रार्थना संपली. अबूनांनी खूण केली. वगदी उठला, पण पुढे गेला नाही. आपल्याच बाकापाशी उभा राहिला. "रविवारी वेरीनाबद्दल सांगितलं ते माझं होतं," तो म्हणाला. "तिचं नव्हतं. ती मिनेसोटाला जातेय. काय शिकणार ते अजून ठरलेलं नाही." "तुम्ही तिचं कौतुक केलंत, त्याबद्दल आभार," एवढं म्हणून तो बसला.

कुणी सूर काढला नाही. बाहेर पडताना तांत फौजिया, चर्चमधली सगळ्यांची मावशी, दोन्ही हात पसरून त्याच्याकडे आली, जसं दुःखात कुणालाही जवळ घेऊन गालाचा मुका घेतात तसं. दोन पावलांवर तिला दिवस आठवला. हात तसेच हवेत राहिले, मग तिने पदरासारखी शाल ओढून घेतली.

"लांब आहे ना रे ते फार?" तिने विचारलं.

"गाडीनं वीस तास."

"आणि थंडी?"

"आहे."

"मग तो स्टेथोस्कोप राहू दे. मी तिला स्वेटर आणते," म्हणून ती निघाली. बाकीचे दुरून मान लववून गेले. तो ज्या खांबापाशी उभा होता, तिथपर्यंत दुसरं कुणी आलं नाही. वेरीना गाडीत बसून फोनवर काहीतरी भरत होती. तो दार उघडून आत बसला, तेव्हा तिने फोनचा स्क्रीन त्याच्याकडे वळवला. मिनेसोटाला होकार द्यायलाही पालकाची संमती लागत होती. चौकटीत त्याने बोटाने सही केली. बोटाने केलेली सही वाकडी आली.

"चालेल?"

"चालेल," ती म्हणाली, आणि बटण दाबलं.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. आकाशात अजून थोडा उजेड होता. पहिले दोन सिग्नल मागे गेले. मग वेरीना एकदम म्हणाली, तिथे मधमाश्यांवर अख्खा एक विषय आहे. पोळं उघडायला शिकवतात. आणि जुन्या नकाशांचा एक. आणि म्हणे पहिल्या वर्षी खोलीत दोघी असतात, दुसरी कुठली मिळेल सांगता येत नाही, अलास्काची पण असू शकेल. ती घोरणारी निघाली तर? आणि फिनिश भाषा, बाबा, फुकट शिकता येते, का शिकायची ते माहीत नाही, पण शिकता येते.

मादलेन गेल्यापासून त्याने तिला इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. तिचे हात बोलण्याबरोबर हलत होते, काचेवर आपटत होते. घराचा फाटा आला. वगदीने वळायचा दिवा लावला नाही, वेगही कमी केला नाही. फाटा उजव्या हाताला मागे गेला.

"बाबा, वळण गेलं आपलं."

"हो का?" तो म्हणाला. "असू दे. पुढं आहे एक. तू बोल."