दारातून परत गेलेल्या मुली

श्रीनिवास सरांना पक्षाघात झाला तो सकाळी नऊच्या सुमारास, वर्तमानपत्र वाचून दाखवता दाखवता. श्यामलाबाई आत पोळ्या लाटत होत्या. पंचेचाळीस वर्षं त्या रोज सकाळी पोळ्या लाटता लाटता जगाच्या बातम्या ऐकत आल्या होत्या, त्यामुळे वाक्य मध्येच तुटलेलं त्यांना लगेच कळलं. हात पिठाचे तसेच घेऊन त्या बाहेर आल्या. सरांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, कप मांडीवर कलंडला होता, आणि ते काहीतरी सांगू पाहत होते.

"ता," ते म्हणाले. "ता, ता, ता."

सतरा दिवसांनी ते हॉस्पिटलमधून घरी आले. नारायण पेठेतल्या त्या इमारतीला लिफ्ट नाही, तेव्हा दोघांनी खुर्चीत बसवून त्यांना तिसऱ्या मजल्यावर चढवलं. उजवा हात आणि उजवा पाय गेल्यात जमा होता. वाचाही गेली होती. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेला माणूस. दुकानांच्या पाट्यांतले ऱ्हस्व-दीर्घ दुकानदाराला खाली बोलावून दाखवणारा. त्यांच्यापाशी आता 'ता' एवढं एकच अक्षर उरलं होतं. पाणी हवं असलं तरी ता, उशी सरकवायची असली तरी ता.

दीक्षा नावाची वाचा-उपचार करणारी मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, की यांना कळतं सगळं. शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट तेवढी बंद झाली आहे. त्यांच्या कानावर बोलणं पडत राहू द्या. तुम्ही बोला त्यांच्याशी, जितकं जमेल तितकं.

श्यामलाबाईंनी मान डोलावली खरी, पण हेच त्यांना जमेना. त्या घरात बोलण्याचं खातं सरांकडे होतं. राजकारण, साहित्य, क्रिकेट, शेजाऱ्यांचं शुद्धलेखन, सगळ्यावर मत सरांचं. बाईंनी ऐकायचं, आणि मधूनच "हो ना" म्हणायचं. आता त्या सरांसमोर स्टूल घेऊन बसायच्या आणि सांगायच्या, आज दुधी आणला. गॅस आला. मग आणखी काय सांगावं ते सुचायचं नाही. दुपारी घर इतकं शांत व्हायचं, की खालच्या गिरणीचा पट्टा सुरू झाला तरी बरं वाटायचं.

मुलगी अस्मिता धायरीला राहायची. कंपनीतलं काम सांभाळून ती दर शनिवारी यायची. तिने आईची अडचण ओळखली आणि फोनवर पॉडकास्ट लावून दिले. आईने विचारलं, म्हणजे रेडिओच ना? अस्मिता म्हणाली, रेडिओच, पण आपल्याला हवं ते, हवं तेव्हा. चार निवडून दिले तिने: एक जगाच्या बातम्यांचा, एक भाषेचा, एक इतिहासाचा आणि एक खेळांचा. बाबांना यातलं काहीतरी नक्की आवडेल, असा तिचा हिशोब.

सरांना आवडलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. भाषेच्या पॉडकास्टमध्ये कुणी 'ज्ञ'चा उच्चार धड केला नाही की त्यांची डावी भुवई वर जायची, तेवढंच. पण बाईंना मात्र त्याचं वेडच लागलं. भाजी निवडताना, कपडे घड्या करताना, फोन टेबलावर बोलत असायचा. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला आणि तारीख अरबीतून, हे त्यांना नव्याने कळलं. कात्रजहून नळाने पाणी पेठांमध्ये कसं आणलं, ते त्यांनी दोनदा ऐकलं. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशात यादवी चालली होती. तिथल्या निर्वासित बायकांची मुलाखत ऐकून त्या संध्याकाळभर अस्वस्थ होत्या. आणि त्या अस्वस्थपणातच त्या सरांना म्हणाल्या, "मला वाटतं, हे युद्ध थांबवायचंच नाहीये कुणाला."

मला वाटतं. हे शब्द या खोलीत आपण किती दिवसांनी म्हटले, असं त्यांच्या मनात आलं. सर त्यांच्याकडे बघत होते. बघण्यावाचून त्यांना दुसरं काही करताही येत नव्हतं म्हणा.

तेव्हापासून त्या बोलायला लागल्या. एक भाग ऐकायचा आणि मग त्यावर सरांशी बोलायचं. दीक्षाला फरक जाणवला. सर आता नजर ठरवून ऐकतात, ती म्हणाली, आणि डाव्या हाताने पाटीवर अक्षरं गिरवायला तयार होतात. अक्षरं वाकडीतिकडी येत, पण येत.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. दुपारचे चार वाजले होते, बाई सरांची नखं कापत होत्या आणि खेळांचा पॉडकास्ट चालू होता. केदार नावाचा एक मुलगा तो चालवायचा. पुण्यातल्या जुन्या मैदानी खेळाडूंना शोधून काढायचा आणि बोलतं करायचा. त्या दिवशी खो-खो होता. म्हाताऱ्या बाईचा आवाज होता, जरासा घोगरा, आणि नाव कळायच्या आधीच श्यामलाबाईंचा हात थांबला. ती प्रेमला होती.

श्यामलाबाई लग्नाआधी सहा वर्षं पेठेतल्या एका मंडळाकडून खेळल्या होत्या. प्रेमला आणि त्या एकाच संघात. घरात कधी हा विषय निघाला नव्हता. अस्मिताला एवढंच माहीत होतं, की आई लहानपणी काहीतरी खेळायची.

प्रेमला सांगत होती, आमच्या वेळी मैदान शेणाने सारवायचो आम्हीच, गुडघे फुटले की त्यावर मातीच लावायचो. मग ती म्हणाली, "आमच्यात एक श्यामला होती. खांबावर तिच्यासारखा सूर मारणारी मी नंतर पाहिली नाही. एकोणऐंशी साली राज्याच्या संघाची निवड चाचणी होती आणि चाचणीला बोलावलेल्यांच्या यादीत तिचं नाव आलं. नुकतंच लग्न झालं होतं तिचं. आम्ही चौघी तिला सांगायला तिच्या घरी गेलो, तर ती बाजारात गेलेली. तिच्या यजमानांनी दारातच सांगितलं, ती आता खेळत नाही. आम्हाला वाटलं, तिनेच तसं सांगायला सांगितलं असणार. मग कोण जातंय परत."

श्यामलाबाईंनी फोन बंद केला.

इतकी वर्षं त्यांची समजूत अशी होती, की आपलं नाव यादीत आलंच नाही. लग्न झालेल्या मुलीला कोण घेतंय, असं म्हणून मंडळाने आपल्याला सोडलं, आणि प्रेमलाने साधं येऊन सांगितलंही नाही. ते त्यांना फार लागलं होतं. पुढे एकदा लक्ष्मी रोडवर प्रेमला समोरून येताना दिसली, तेव्हा त्या मुद्दाम बांगड्यांच्या दुकानात शिरल्या होत्या. ती पुढे जाईपर्यंत नको असलेल्या बांगड्या बघत उभ्या राहिल्या होत्या.

त्यांनी वर पाहिलं. सर त्यांच्याकडेच बघत होते, आणि त्या नजरेवरून कळलं, की त्यांना आठवतंय.

"तुम्ही परत पाठवलंत त्यांना?"

सरांचे ओठ हलले. "ता," ते म्हणाले.

उरलेली तीन नखं बाईंनी कापली, नेलकटर जागेवर ठेवला आणि त्या आत जाऊन भांडी घासत बसल्या. भांडी सकाळीच घासलेली होती.

पुढचे नऊ दिवस त्या घरात पॉडकास्ट लागला नाही. औषधं वेळेवर दिली, दाढी केली, कूस बदलली, पण बोलणं नाही. बाईंना स्वतःचाच राग येत होता. ज्याला चमचा धरता येत नाही त्याच्यावर काय चिडायचं? आणि नाही चिडायचं, तर या पंचेचाळीस वर्षांचं करायचं काय? सर धडधाकट असते तर त्यांनी काहीतरी मुद्देसूद उत्तर दिलं असतं, आणि बाई नेहमीप्रमाणे गप्प बसल्या असत्या. आता गप्प ते होते. हे आपल्याला हवं होतं का, असं त्यांनी स्वतःला विचारलं, आणि उत्तराची भीती वाटली म्हणून तो विचार तिथेच सोडून दिला.

दहाव्या दिवशी, शनिवारी, अस्मिता आल्यावर त्यांनी तिला केदारला फोन करायला लावला. त्याने प्रेमलाला विचारून पत्ता कळवला. मार्केट यार्डाजवळ मुलाकडे राहत होती ती. बाबांकडे बघ, असं मुलीला सांगून बाई रिक्षाने निघाल्या.

प्रेमलाने दार उघडलं आणि त्यांचा चेहरा निरखला. मग म्हणाली, "चार वर्षं शिव्या दिल्या मी तुला, श्यामे."

दोघी गॅलरीत बसल्या. प्रेमलाचा एक गुडघा बदललेला होता आणि ती पाय लांब करून बसली होती. कोण कोण गेलं, कोण कुठे असतं, ते तिने सांगितलं. त्या दिवशीबद्दल बाईंनी खोदून खोदून विचारलं. प्रेमलाला सगळं लख्ख आठवत होतं. तुझे यजमान रागावले वगैरे नव्हते गं, ती म्हणाली. उलट आम्हाला पाणी विचारलं. आवाज अगदी मऊ होता. चाचणीचं पत्र आम्ही त्यांच्या हातात दिलं होतं.

पत्राचं बाईंना आत्ता कळलं. चहा पिऊन झाल्यावर त्या उठल्या. प्रेमलाने त्यांचा हात हातात घेतला आणि पुढच्या शनिवारी ये म्हणाली, आणि बाईंनी येईन म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर त्यांनी अस्मिताला खाली दूध आणायला पाठवलं. स्टूल ओढून त्या सरांच्या समोर बसल्या.

"प्रेमलाकडे जाऊन आले," त्या म्हणाल्या. "पत्र होतं, तेही कळलं. तुम्ही मला विचारायला हवं होतं. मी कदाचित नाहीच म्हटलं असतं. नवं लग्न, सासूबाई आजारी. पण ते 'नाही' माझं असतं."

सरांनी डावा हात पुढे केला. पाटी हवी होती. बाईंनी पाटी मांडीवर धरली आणि पेन्सिल बोटांत दिली. पेन्सिल दोनदा पडली, दोनदा उचलून दिली. अस्मिता दूध घेऊन वर आली, दारातच थबकली, आणि काय चाललंय ते न कळूनही आवाज न करता आत निघून गेली. चार अक्षरंही नव्हती, पण त्याला बराच वेळ लागला. शेवटी पाटीवर 'चूकल' एवढं उमटलं. 'चू' दीर्घ, 'ल'वर टिंब नाही. सरांनी ते बघितलं. आपलं चुकलेलं लेखन त्यांना दिसत होतं की काय कोण जाणे, पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि उजव्या गालावरचं त्यांना पुसताही येईना.

बाईंनी ते पदराने पुसलं. असू दे, असं म्हणणं अगदी ओठांवर आलं होतं, सवयीने. त्यांनी ते गिळलं. असू दे असं नव्हतंच ते.

"वाचलं मी," त्या म्हणाल्या.

डिसेंबरात केदारने त्यांना बोलावलं. प्रेमलाने त्याच्या मागे लकडाच लावला होता. त्याच्या घरातल्याच एका खोलीत, भिंतींना गोधड्या लावून, तो ध्वनिमुद्रण करायचा. बाई माइकसमोर बसल्या. सुरुवातीला आवाज चिरकला, मग सापडला. आठ जणी आलटून पालटून तोंडं करून कशा बसायच्या, पाठीवर थाप पडायच्या आधी अंगाला कसं कळायचं, खांबाला हात घालून शरीर झोकून दिल्यावर त्या अर्ध्या क्षणात काही ऐकू कसं येत नाही, हे त्या सांगत गेल्या. केदारने मग विचारलं, की खेळणं थांबलं कसं?

त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, नको असेल तिथे आपण कापू. घरी हे ऐकायला कोण बसणार आहे, हे बाईंना माहीत होतं. लग्नानंतर जबाबदाऱ्या वाढल्या, असं म्हणता आलं असतं. सगळ्या तेच म्हणायच्या.

"राज्याच्या चाचणीसाठी माझी निवड झाली होती, पण मला ते कळू दिलं नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या यजमानांनी मुलींना दारातून परत पाठवलं. मला हे याच पॉडकास्टवर कळलं, पंचेचाळीस वर्षांनी. ते आता आजारी असतात, बोलू शकत नाहीत. आपलं चुकलं, असं त्यांनी कबूल केलंय. मी ते ऐकून घेतलंय. माफ केलंय का, ते मला अजून ठाऊक नाही."

केदारने विचारलं, हे ठेवायचं का. ठेव, त्या म्हणाल्या.

तो भाग आला त्या दिवशी दुपारी त्यांनी सरांना उशीला टेकवून बसवलं आणि सांगितलं, की यात तुमच्याबद्दलही आहे. ऐकायचं नसेल तर हात वर करा. सरांनी हात वर केला नाही. अडतीस मिनिटं ते फोनकडे बघत होते. चाचणीचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले, पण बाईंनी जवळून पाहिलं; ते ऐकत होते. खांबावरच्या उडीचं वर्णन परत लावायला त्यांनी बोटाने खूण केली. बाईंना आधी समजेना. समजल्यावर त्यांनी तेवढा तुकडा मागे नेऊन पुन्हा लावला, आणि तिसऱ्यांदाही.

भाग संपला. फोनने आपणहून पुढचा लावला, जगाच्या बातम्यांचा. कुठल्याशा देशात निवडणुका होत होत्या आणि लोक उन्हात रांगा लावून उभे होते. बाई उठल्या नाहीत. त्यांनी पाय स्टुलाच्या दांडीवर घेतले आणि दोघंही ऐकत बसली.