डिसेंबरात रजा नाही

मी स्वेटर बोलतोय. जन्म नागपूरचा. हसून घ्या, सगळेच हसतात. जिथं मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, तिथं लोकरीच्या स्वेटराला विचारतो कोण? पण फार वेळ हसू नका. माझी पाठ उसवून झाली, पोट झालं, उजवी बाही झाली. डावी बाही तेवढी उरली आहे. ती संपेपर्यंत बोलून घेतो.

माझी मालकीण उत्तरा. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तिनं मला विणलं. निळी लोकर, गळ्याशी पांढरी वेल. शेजारच्या रंभाबाई म्हणाल्या, "काहून वं, एवढा जाड? नागपुरात कधी घालशीन?"

"नागपूरसाठी नाहीच हा," उत्तरा म्हणाली. "मले बर्फ पडताना पाहाचा आहे. ह्यांनी कबूल केलं आहे."

हे म्हणजे तिचा नवरा शरच्चंद्र, सरकारी कचेरीतला कारकून. आणि इथंच माशी शिंकली. बर्फ पडतो हिवाळ्यात, आणि हिवाळ्यातच नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन. डिसेंबरात मुंबईचं सरकार इथं येऊन बसतं, आमदार प्रश्न विचारतात, आणि कचेऱ्यांमधून उत्तरं लिहून जातात. त्या दिवसांत रजा बंद. बरं, अधिवेशन आटोपलं, जानेवारी लागला, की शरच्चंद्र छातीभर श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "काय हवा आहे गा! वर्षातून दोन महिने तर नागपूर राहण्यासारखं असते. तेव्हाच सोडून जाचं का? उन्हाळ्यात पाहू."

उन्हाळ्यात! बर्फ पाहायला! पण या गावाची रीतच तशी. हवा चांगली तेव्हा घर सोडायचं नाही, ऊन तापलं की वाट फुटेल तिकडे पळायचं.

एकदा मे महिन्यात मनालीला नेलं बाप्पा आम्हाला. वर डोंगरात जाऊन पाहतो तर काय, घोड्यांच्या लिदीनं काळवंडलेला बर्फ, आणि त्यावर भाड्याचे कोट घालून घसरणारी अर्धी दुनिया. उत्तरा उन्हात मला घालून घामाघूम झाली होती. शरच्चंद्र म्हणाला, "घे, पाहिला ना बर्फ?"

"हा तर पडलेला आहे," ती म्हणाली. "मले पडताना पाहाचा होता."

"पडलेला काय आणि पडणारा काय, बर्फ तो बर्फच."

मग मी परत दिवाणाच्या पोटात, डांबरगोळ्यांच्या वासात. वर्षांमागून वर्षं गेली. वर शरच्चंद्र दुपारचा घोरायचा आणि खाली मी कुढायचो. मला या माणसाचा राग आहे, लपवत नाही.

तीन वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला. आता कुठली रजा नि कुठलं काय! त्यानंतरच्या दिवाळीत दोघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आले आणि याच दिवाणावर बसले. उत्तराला काचबिंदू निघाला होता, फार पुढे गेलेला. गेलेली नजर परत येत नाही, जे पाहायचं ते याच हिवाळ्यात पाहून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती रडली. मग उठून तिनं मला बाहेर काढलं आणि गच्चीवर ऊन दाखवलं. डिसेंबरची तिकिटं निघाली. बॅगेत मी सगळ्यात वर होतो.

निघायच्या चार दिवस आधी जुन्या कचेरीतून फोन आला. त्याच्या जागी आलेला विहंग म्हणत होता, "सर, जुनी फाइलच सापडून नाही राहिली. तुमच्याशिवाय होत नाही."

झालं! म्हातारा नवरदेवासारखा खुलला. तिकिटं रद्द.

"अहो, माझे डोळे जाऊन राहिले," उत्तरा म्हणाली.

"दोन आठवड्यात कुठं डोळे जातात वं? अधिवेशन होऊ दे."

पुण्याहून त्यांची मुलगी अस्मिता फोनवर म्हणाली, बाबा, मी नेते आईला. तर हा तिच्यावरच खेकसला, "मी मेलो का? माझ्या बायकोले मीच नेईन."

जानेवारीत काटोलला चुलतभावाच्या मळ्यात संत्री खाणं झालं, हुरडा होता होता फेब्रुवारी सरला. मग म्हणे, आता बर्फ सरला असेल, पुढच्या वर्षी नक्की. गणपतीपर्यंत उत्तराचा चहा कपाबाहेर सांडू लागला. दिवाळीला तिनं पणती लावली आणि विचारलं, "लागली का हो?"

तरी त्या डिसेंबरातही तो अधिवेशनाला गेलाच. मग जानेवारीत पुन्हा मनालीला नेलं तिला. वा रे वा! इतक्या वर्षांनी मोसम बरोबर निवडला!

सकाळी हॉटेलच्या गॅलरीत ती मला घालून उभी होती. बर्फ पडत होता. पडताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. इतका हळू, इतका गुपचूप पडतो तो! मी पाहत होतो आणि जिनं मला त्यासाठी विणलं तिला काही दिसत नव्हतं. मला लाज वाटली.

"पडून राहिला का?" तिनं विचारलं.

"हो."

"कसा पडते? सांगा ना."

जन्मभर आमदारांना पानंच्या पानं उत्तरं लिहिणारा हा माणूस. म्हणाला, "पांढरा आहे."

"आणखी?"

"थंड आहे. आत चल, सर्दी होईल."

तिनं माझ्या बाहीवरचा बर्फ जिभेला लावला. "पाणीच आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

आता पुन्हा डिसेंबर आहे. शरच्चंद्रानं दोन शर्ट इस्त्री करून ठेवले, पण यंदा फोन आला नाही. शेवटी यानंच लावला. "सर, आता सगळं कॉम्प्युटरवर आहे. तुम्ही आराम करा," विहंग म्हणाला. तेव्हापासून तो दिवाणावर बसून आहे.

परवा उत्तरानं मला मागून घेतलं. बोटांनी चाचपून शेवटची गाठ शोधली आणि ओढली. उसवायला डोळे लागत नाहीत.

"काहून उसवून राहिली? चांगला आहे अजून."

"हाताले काम."

आज दुपारी तो खाकरला. म्हणाला, "उत्तरा, या डिसेंबरात मी रिकामाच आहे. जाऊ या का? आत्ताच तर खरा सीझन आहे."

तिची बोटं थांबली. मी मूर्ख, मला वाटलं, वाचलो.

"काय पाहाले?" तिनं विचारलं.

प्रश्न साधाच होता. त्यानं वाकून पायाशी पडलेला लोकरीचा गोळा उचलला. बोटं पुन्हा चालू झाली.

वाचकहो, तुमच्या घरी कोणी कधीचं काही पाहायचं म्हणत असेल, तर त्याच्या मोसमात जा. तुमच्या सोयीनं बर्फ पडत नाही. मला काय, माझ्या चार ओळी राहिल्या आहेत. ती ओढते आहे आणि समोर बसून शरच्चंद्र गोळा गुंडाळतो आहे. संध्याकाळपर्यंत गुंडाळेल. त्याला आता रजाच रजा आहे.